आधी नाक, मग जीभ

"ह्यां औषध काय ओ, बाई?" दशरथने पिशवीतल्या दोन छोट्या बाटल्या उजेडात धरल्या.

"औषधच समज," दाराच्या फटीतून वसुधा म्हणाली. "एक बी विंगला रेवतीकडे, एक सी विंगला श्यामकडे. आणि हलवू नकोस रे, ताक नाहीये ते."

वॉचमन मास्कच्या आत हसला असावा. त्याचे डोळे बारीक झाले. तो जिना उतरला आणि वसुधाने दाराला कडी घातली. दिवसभरात माणसाशी झालेलं बोलणं एवढंच. नवरा जाऊन वर्षं लोटली होती, मूलबाळ नव्हतं, आणि एकटेपणाशी आपलं चांगलं जमतं असा तिचा समज होता. टाळेबंदीने महिन्याभरात तो उतरवला. हल्ली ती मिक्सरशीसुद्धा बोलायला लागली होती.

बाटल्यांत वाइन होती. पांढरी, नाशिककडची. मुलुंडमधली दुकानं कुलपात गेल्यापासून घरातली ही शेवटची बाटली तिने जपून ठेवली होती. पण वाइनचं एक असतं, एकदा बूच काढलं की दोन दिवसांत संपवावी लागते. आणि एकटीने बाटली उघडायची म्हणजे एकटीने मंगळागौर खेळण्यासारखं. म्हणून तिने तीन वाटे केले. घरात पडलेल्या दोन काचेच्या बाटल्या भिजवून त्यांची लेबलं काढली, उकळत्या पाण्याने धुतल्या आणि नरसाळं लावून भरल्या. थेंब सांडू दिला नाही. प्रत्येकाने आपापल्या घरी ग्लास भरायचा आणि दिवेलागणीला व्हिडिओ कॉलवर बसायचं, असं ठरलं होतं.

हा नाद जुना. वसुधा आणि श्यामसुंदर टेलिफोनच्या ऑफिसात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरच्या सहलीत नाशिकला एक द्राक्षमळा बघायला गेले आणि वेड घेऊनच परतले. तेव्हापासून दर शनिवारी श्यामच्या घरी बैठक. पुढे बँकेतली रेवती त्यांना येऊन मिळाली. सोसायटीच्या लेखी हे सगळे 'पिणारे'. वाइन काय नि देशी काय, तिथे एकच माप. श्यामची बायको माणिक मात्र एक थेंब घ्यायची नाही. साबुदाण्याचे पापड तळायची आणि सगळ्यांचे ग्लास नुसते हुंगायची. नाक तिचंच सगळ्यांत तिखट. बैठकीचा नियमही तिचाच: "आधी नाक, मग जीभ. आणि नुसतं छान म्हणायचं नाही. कशासारखं, ते सांगायचं." माणिक गेली, नियम राहिला. श्याम कुठल्याही पांढऱ्या वाइनला "पेरू" म्हणायचा आणि दोघी त्याला हसायच्या.

दुपारी सिंक साफ करताना जाळीत अडकलेला कागद वसुधाच्या हाती आला. भिजून लगदा झाला होता, तरी अक्षरं लागत होती. ओव्याचा अर्क.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. एक बाटली गुलाबपाण्याची होती हे तिच्या लक्षात होतं; दुसरी पोटदुखीच्या अर्काची, हे ती साफ विसरली होती. ओव्याचा अर्क म्हणजे चिवट प्रकरण. बाटली सात पाण्यांनी धुवा, झाकणाच्या आत तो ठाण मांडून बसतो. एरवी तिच्या नाकातून हे सुटलं नसतं. पण सकाळपासून हात, ओटा, भाजी, सगळ्याला सॅनिटायझरचाच वास. त्यात बिचारं नाक काय करणार!

फोन करून सांगावं असं तिच्या मनात आलं. मग म्हटलं, राहू दे. ज्याच्या वाट्याला ओवा येईल त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. घटकाभर हसायला तरी मिळेल. कित्येक दिवसांनी तिने संध्याकाळ व्हायची वाट पाहिली. चांगली साडी नेसली आणि फोन कुकरला टेकवून उभा केला.

"मावशी, गुलाब येतोय मला!" रेवतीने ग्लास नाकाला लावताच जाहीर केलं. "एकदम गुलाब, यार. काय घातलंस तू बाटलीत?"

म्हणजे ओवा श्यामकडे. वसुधाने हसू दाबलं. "श्याम, आता तू."

श्यामने ग्लास फिरवला, डोळे मिटून बराच वेळ नाकाशी धरला. आता हा उसळणार, बाळंतिणीचा काढा पाजतेस का म्हणून विचारणार. वसुधा तयारीतच होती.

"पेरू," श्याम म्हणाला. "अर्धवट पिकलेला. मागून जरा लिंबाची साल." घोट घेऊन त्याने मान डोलावली. "झकास!"

रेवती खदखदून हसली. "काका, तुमचा पेरू काय सुटत नाही!"

वसुधाच्या अंगावर सर्रकन काटा आला. वास जाणं हे कशाचं लक्षण, ते त्या दिवसांत घरोघरी पाठ झालं होतं. कॉल संपल्याबरोबर तिने श्यामला फोन लावला.

"श्याम, तुझ्या बाटलीला ओव्याचा वास होता. सर्दी झालेल्या माणसालाही आला असता."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, तोही तुटत तुटत.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"परवापासून," तो शेवटी म्हणाला. "दूध करपलं, मला पत्ताच नाही. मग माणिकची शाल काढली. तिचा वास आहे गं त्या शालीला. पिशवीत बांधून ठेवलीय एवढी वर्षं. फारच एकटं वाटलं तर तेवढी उघडतो." तो थांबला. "काही नाही, वसुधा. काहीच आलं नाही."

"ताप?"

"आहे थोडा. दम लागतो. पण कुणाला बोलू नकोस हां. विंग सील करतील, माझ्या दाराकडे बोट दाखवतील. आणि ते सेंटर... तिथे नाही मरायचं मला, अनोळखी माणसांत. मुलगा कॅनडात बसलाय, तो तरी काय करणार? इथे निदान तिची शाल आहे."

"शाल काय ऑक्सिजन देणारे? उद्या दार फोडावं लागेल आम्हाला!"

"तुला माझी शपथ आहे, वसुधा," तो म्हणाला. त्याला खोकल्याची उबळ आली आणि फोन बंद झाला.

शपथ मोडली तर मैत्री जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि शनिवार सोडला तर तिच्या आयुष्यात दुसरं होतं काय? पण नाही मोडली, तर श्यामच राहणार नव्हता. तिने हेल्पलाइनचा नंबर फिरवला. सारा जन्म लोकांचे फोन जोडून देण्यात गेलेली बाई. हा एक जोडून तिने श्यामचा पत्ता सांगितला.

सकाळी ॲम्ब्युलन्स आली. खिडक्याखिडक्यांतून मोबाइल बाहेर निघाले. श्याम कपड्यांची पिशवी घेऊन आपल्या पायांनी चालत गेला. गाडीत चढण्याआधी त्याने वर वसुधाच्या बाल्कनीकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्याने अनोळखी बाईकडे बघावं तसं पाहिलं. मग पांढऱ्या पोशाखातले फवारणीवाले वर गेले, दारं, भिंती, पलंग, सगळं भिजवून आले, आणि सी विंगच्या तोंडाशी आडवे बांबू लागले.

श्याम वाचला. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी रेवतीला फोनवर सांगितलं. तो घरी आला, पण वसुधाचा फोन काही उचलेना. शनिवारी कॉलवर दोघीच बसायच्या. दुकानं उघडली, बाटल्या घरपोच यायला लागल्या, तरी वसुधाच्या घशाखाली अर्धा ग्लासही उतरत नसे. "वाट लागली ना मावशी आपल्या शनिवारची," रेवती म्हणायची. उरलेली वाइन वसुधा सिंकमध्ये ओतून द्यायची आणि ग्लास धुऊन पालथा घालायची.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात दशरथ. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या तोंडाला दोन गाठी.

"सी विंगच्या सायबांनी दिल्यानी. बाईंका हुंगूक सांग म्हणाले."

आत माणिकची शाल होती. मोरपंखी, काठाशी विरलेली.

वसुधाने साध्या पाण्याने हात धुतले. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि शाल नाकाशी नेली.

फवारणीचं औषध. ती थांबली. पहिल्या वासावर जायचं नाही, ग्लास जरा थांबू द्यायचा, हेही माणिकचंच शिकवणं. तिने शाल उलगडली, झटकली. मधल्या घडीत, काठात, मानेला लागत असेल त्या जागी नाक खुपसलं. औषध. नुसतं औषध. नाक तपासायला म्हणून काढलेली शाल त्या दिवशी पलंगावर उघडीच राहिली असणार, आणि फवारणीवाल्यांना काय ठाऊक! त्यांना बोलावलं होतं कोणी? वसुधाला रडू फुटलं. तिने श्यामचा जीव वाचवला होता, आणि त्या जिवाला धरून राहायला जे उरलं होतं, ते पुसून टाकलं होतं.

फोन वाजला.

"हुंगलीस?" श्यामचा आवाज खोल गेला होता. "माझं नाक परत आलं नाही. त्या लोकांनी घरभर मारलंय काय काय. मला तर काहीच कळत नाही. तू सांग. आहे?"

"आहे," वसुधा म्हणाली.

"नुसतं आहे नको. कशासारखं, ते सांग."

तिने डोळे मिटले. पदराला हात पुसत ग्लास हुंगायला वाकणारी माणिक तिला आठवली. "वाळा," ती म्हणाली. "आधी वाळा येतो. मग चंदनाचा साबण."

"आणि?"

"थांब जरा." तिने शाल पुन्हा नाकाशी धरली. औषधाने डोळे चुरचुरले. "शिकेकाई. अगदी शेवटी."

"शिकेकाई उशिराच यायची," श्याम म्हणाला. मग घसा खाकरून त्याने विचारलं, "शनिवारी किती वाजता बसता तुम्ही?"

"दिवेलागणीला. नेहमीसारखं."

"बरं. आणि शाल लगेच पाठव. उघडी ठेवू नकोस, वास उडेल."

वसुधाने जुन्या घड्यांवरच शालीची घडी घातली. पिशवीत ठेवून हवा दाबून काढली आणि तोंडाला दोन गाठी मारल्या. मग विचार करून तिसरीही मारली, चांगली आवळून.

"सरळ त्यांच्याच हातात दे," ती दशरथला म्हणाली. "आणि उगाच उघडू नका म्हणावं."