सकाळचा खेळ

बहात्तरच्या दुष्काळाला वर्ष उलटलं, तरी रंभाबाईचा येडू सापडला नव्हता. खडी फोडायच्या कामावर ती तापानं पडली, तिला ट्रकमधून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, आणि बरी होऊन परत जाईपर्यंत काम बंद पडून माणसं पांगलेली. सहा वर्षांचं पोर कुणाबरोबर गेलं, कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून ती शुक्रवार पेठेत एका वकिलांकडं धुणीभांडी करी, त्यांचं तान्हं सांभाळी आणि गावाकडून येईल त्याला विचारी.

शनिवारी गावचा जालिंदर धावत आला. "मावशे, अक्कलकोटला मठापुढं प्रसादाच्या रांगेत येडू दिसला! हाक मारस्तवर गर्दीत गेला बघ. लवकर जा."

रंभाबाईनं वकिलीणबाईंकडं सुट्टी मागितली.

"उद्या?" बाई म्हणाल्या. "अगं, उद्या सकाळच्या खेळाची तिकिटं काढलीत. बाळाला कोण घेणार? सोमवारी जा की. एवढं वर्ष गेलं, एका दिवसानं काय होतंय?"

रविवारी रंभाबाई बाळाला मांडीवर घेऊन थेटरात बसली. सिनेमा इंग्रजी. बाई तिला हळू आवाजात गोष्ट सांगत होत्या. "लढाईत यांचं घर गेलं. आई एकीकडं, पोरगं एकीकडं. आता ती पायी गावोगाव विचारत फिरतेय, बघ."

रंभाबाईची कानशिलं तापली. "तिला सुट्टी कुणी दिली, बाई?"

"काहीतरीच विचारतेस! आई आहे ती." बाईंनी पदरानं डोळे पुसले. "देवा, भेटू दे रे हिचं लेकरू."

रंभाबाई उठली. बाळ तिनं बाईंच्या मांडीत ठेवलं. "धरा. तुमचं तुमच्यापाशी हाय. माजं तितं रांगेत उभं हाय."

"उद्यापासून येऊ नकोस!"

"येतंय कोण!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की पुढची माणसं पडदा सोडून मागं बघू लागली.

अक्कलकोटला ती पोचली तेव्हा दुपारची पंगत उठली होती. खरकटं काढणाऱ्या सिद्धम्माला तिनं पोराच्या भुवईवरची खोक सांगितली.

"होता की! सकाळी माझ्यासंगं पत्रावळ्या उचलल्या त्यानं. मग बैराग्यांच्या टोळक्याबरोबर गाणगापूरच्या गाडीत बसला. जरा आधी आली असतीस तर, अक्का..."

रंभाबाईनं समोरचा पत्रावळ्यांचा ढीग लाथेनं उधळला. "आग लागो त्या बाईच्या रडण्याला!"

"बस गं, पाणी पी."

"सकाळभर बसवूनच ठेवली मला," रंभाबाई म्हणाली. "गाणगापूरची गाडी कुटं लागती, तेवढं सांग."