वेलिकोची चाल

फिदांकाआजीनं मेजावर मूठ आपटली, मग तळवा लाकडावरून ओढत नेला. धप्प… सर्र. थोडं थांबून पुन्हा धप्प… सर्र.

"असा चालतो," ती म्हणाली. "रोज दिवेलागणीला. कबरीपासून आमच्या अंगणापर्यंत."

डॉक्टर रालित्सानं चष्मा काढून खाली ठेवला. प्लोवदिव शहराच्या रुग्णालयातली ही खोली तिच्या संशोधनाची होती. कृत्रिम खुबे शरीरात किती झिजतात, ते ती तपासत असे. मेलेल्या रुग्णांचे सांधे त्यांनी हयातीत दिलेल्या संमतीनं काढून इथे ठेवलेले असत. आजीचा नवरा वेलिको जन्मापासून निखळलेल्या खुब्याचा. रालित्सानं नवा सांधा बसवला तेव्हा त्याचे केस पिकायला लागले होते. या वसंतात तो गेला आणि सांधा तिच्याकडे परत आला, जवळजवळ कोरा. तिच्या नव्या प्रबंधाचा सारा भार त्याच्यावर होता.

"तुम्ही त्याचा पाय काढून घेतलात, डॉक्टरबाई. बिचारा लंगडतोय."

"आजी, माणूस गेल्यावर घरात असे भास होतात. त्यांची जुनी चाल तुम्हाला आठवत असेल."

"मग जुनीच का आठवावी? एवढी वर्षं सरळ चालला, ती आठवली असती ना!"

रालित्सानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

शनिवारी ती गाडी घेऊन डोंगरात, आजीच्या घरी गेली. म्हातारीची समजूत घालावी, एवढंच तिनं स्वतःला सांगितलं. तरी निघताना सांध्याचा डबा पिशवीत टाकला.

आजीनं घेवड्याचं सूप वाढलं. बाहेर धुकं उतरत होतं. कुत्रा चुलीजवळून उठला आणि पलंगाखाली शिरला.

"आला," आजी म्हणाली, आणि पाव कापत राहिली.

धप्प… सर्र.

रालित्साच्या हातातला चमचा तसाच राहिला. शस्त्रक्रियेआधी तिनं वेलिकोच्या चालण्याचं चित्रीकरण केलं होतं आणि ते कित्येकदा पाहिलं होतं. वळताना तो चांगल्या पायावर एक बारीकशी उडी घेई. आजीनं मेजावर ती उडी वाजवून दाखवली नव्हती. आता अंगणाच्या कोपऱ्यावर ती ऐकू आली. पावलं उंबऱ्यापाशी येऊन थांबली. पाय उचलायची धडपड झाली, एकदा, पुन्हा एकदा. मग ती घासत परत गेली.

रालित्सानं धावत जाऊन दार उघडलं. धुक्याखेरीज तिथे काहीच नव्हतं.

"उंबरा चढवत नाही त्याला," मागून आजी म्हणाली. "तेवढं जमलं की येईल बघा आत."

सकाळी दोघी कबरीवर गेल्या. रालित्सानं डबा उघडला. धातूची दांडी आणि तिच्यावरचा पांढराशुभ्र गोळा उन्हात चकाकले. असा नमुना पुन्हा मिळणार नव्हता. तिनं तो रुमालात गुंडाळला आणि आजीनं उकरलेल्या खळग्यात ठेवला. आजीनं माती लोटली, वर रिवाजाप्रमाणे वाईन ओतली.

"घे रे बाबा," ती मातीला म्हणाली. "आता कुरकुर नको."

त्या संध्याकाळी आजीनं ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला. दोन ताटं मांडली, जरा विचार केला आणि रालित्साकरता तिसरं ठेवलं. दार सताड उघडं टाकलं.

पावलं आली. दोन्ही सारख्या वजनाची, लांब, मोकळी. रालित्सा नकळत उठून उभी राहिली. कुठे ओढ नाही, झोल नाही. असं चालणं तिनं जिवंत रुग्णातही क्वचितच ऐकलं होतं.

"अगं बाई," आजी पुटपुटली. "लग्नातसुद्धा असा चालला नव्हता."

ती लगबगीनं दारात गेली.

पावलं फाटकापाशी आली आणि थांबली नाहीत. अंगणाला वळसा घालून रस्त्याला लागली, वर देवदारांच्या रानाकडे, खिंडीकडे, एकसारखी, न दमता. आजी कान देऊन उभी होती. बराच वेळ ऐकू येत राहिलं. मग कुत्रा पलंगाखालून बाहेर आला.

रालित्सा तिच्याजवळ गेली.

"इतकं नीट करायला नको होतं, डॉक्टरबाई," आजी म्हणाली.