तीन साक्षीदार

मूल्यांकन हे शास्त्र आहे आणि शास्त्राला तीन पुरावे लागतात, असं उत्तरेश्वर काळेगावकर गेली एकोणीस वर्षं सांगत आले होते. तिसरा पुरावा सापडला नाही की शास्त्र किती लवचिक होतं, हे मात्र ते सांगत नसत.

बँकेसाठी घरांची किंमत ठरवून देणं हा त्यांचा धंदा. नियम सोपा होता. विकल्या जाणाऱ्या घरासारखी, जवळपासची, अलीकडे विकली गेलेली तीन घरं शोधायची आणि त्यांचे भाव शेजारी मांडायचे. पण हे दोन हजार पाच साल होतं. हिंजवडीची पोरं शहराबाहेरचे टॉवर घेत सुटली होती आणि नारायण पेठेत कुणी मेल्याशिवाय घर विकायला निघत नव्हतं. त्यातच राहिल नावाच्या एका इंजिनिअरला आईसाठी नेमका नारायण पेठेतलाच फ्लॅट हवा होता.

उत्तरेश्वरांनी नोंदणी कचेरीत दोन दिवस धूळ खाल्ली आणि तीन विक्री काढल्याच. तिन्ही घरांचं क्षेत्रफळ सारखं, भाव कसे पायरी-पायरीनं चढलेले. इतका देखणा तक्ता एकोणीस वर्षांत जमला नव्हता. गुरुवारी अहवाल बँकेत पोचला.

शुक्रवारी सकाळी त्यांची बायको मुक्ताई चहा पिता पिता घरची प्रत चाळत होती.

"अहो, या तिन्ही घरांच्या पश्चिमेला दत्ताचं देऊळ?"

"असेल. पुण्यात देवळांना काय तोटा?"

"आणि दक्षिणेला तिन्हीकडे पिठाची गिरणी? आणि तिन्ही दुसऱ्याच मजल्यावर?" तिनं कप खाली ठेवला. "आणि तुम्ही ज्याची किंमत काढलीय, तोही दुसऱ्याच मजल्यावर ना?"

उत्तरेश्वरांनी प्रत ओढून घेतली. एका दस्तात जुना घरनंबर होता, दुसऱ्यात नवा, तिसऱ्यात सिटी सर्व्हेचा. घर एकच. आधीचे तिन्ही मालक इंजिनिअर. एकेकाला परदेशाचं बोलावणं आलं, की तो विकून चालता झाला. थोडक्यात, आरोपीनंच तीन टोप्या बदलून स्वतःच्या बाजूनं तीनदा साक्ष दिली होती.

"गेल्या महिन्यात बँकेनं एका मूल्यांककाला यादीतून काढलं," ते म्हणाले. "त्यानं तर नुसता मजला चुकवला होता."

"मग जाऊन सांगा. त्यांना सापडण्याआधी आपण सांगितलेलं बरं. आणि शर्ट बदला, चहा सांडलाय."

बँकेत कर्जविभागाच्या प्रियदर्शनी मॅडम शिक्के मारत होत्या. उत्तरेश्वरांनी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं: देऊळ, गिरणी, तीन नंबर, एकोणीस वर्षं.

"भाव चुकलाय का?" शिक्का थांबला नाही.

"भाव बरोबर आहे. साक्षीदार चुकलेत."

"म्हणजे त्या फ्लॅटला त्याच फ्लॅटचा भाव लावलात."

"हो."

"मागे एकानं सदाशिव पेठेतल्या खोलीला औंधच्या बंगल्याचा भाव लावला होता. तुम्ही निदान घर तरी सोडलं नाहीत. बसा, चहा घ्या."

उत्तरेश्वर बसले. चहा गार होता, तरी त्यांनी तो चवीनं घेतला.

"यादीतून नाव..."

"कशाला काढायचं? दुरुस्त करून आणून द्या, झालं."

मॅडमनी ड्रॉवर उघडला आणि त्यांच्या अहवालाचा लिफाफा पुढे सरकवला. त्याच्या तिन्ही पिना जागच्या जागी होत्या.

"हा उघडलेला नाही, मॅडम."

"उघडायचा कशाला? कर्ज मंगळवारीच मंजूर झालं."