रविवारची शांतता

जर्मनीत लायप्झिगला शिकायला आले आणि पहिल्याच रविवारी खालच्या कचरापेटीत रिकाम्या बाटल्या टाकल्या. वरच्या मजल्यावरच्या क्र्यूगरबाईंनी खिडकीतून माझी अशी हजेरी घेतली की विचारू नका. रविवारी इथे आवाज करायचा नसतो. तेव्हापासून मी रविवारी भांडीसुद्धा दबकत घासते.

आज आमच्या घानाहून नवा आलेला क्वाबेना त्याच पेटीत खळाखळा बाटल्या टाकत होता. बाईंच्या आधी मीच खिडकी उघडली.

“डोकं ठिकाणावर आहे का रे? रविवार आहे आज,” मी खच्चून ओरडले.

“एफुआताई, तू आपली की त्यांची?” तो हिरमुसून म्हणाला.

वरची खिडकी उघडली. शाबासकीच्या आशेने मी मान वर केली.

“बरोबर बोललीस,” क्र्यूगरबाई म्हणाल्या, “पण हळू बोल. रविवार आहे.”