भिंतीवर टांगलेली काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल, कारण तुमच्या घरी आता स्टीलची परात असते. काठवट म्हणजे लाकडाचे मोठे, पसरट, उथळ भांडे. माझ्यात ज्वारीचे पीठ मळतात आणि माझ्यातच भाकरी थापतात. एवढे सांगतानाही मला आता दम लागतो. लाकूड थकत नाही असे माणसांना वाटते, पण ते खरे नाही.

माझा जन्म अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचा. ओढ्याकाठची एक बाभूळ वादळात पडली आणि तिच्या बुंध्यातून सुताराने मला कोरून काढले. मायाक्का नावाची धनगराची नवी सून मला डोक्यावर घेऊन घरी आली. तिने मला करडईचे तेल पाजले, सावलीत वाळवले, पुन्हा तेल पाजले. उन्हात ठेवले असते तर मी तडकले असते, आणि पाण्यात बुडवून ठेवले असते तर कुजले असते. काम झाले की ती मला ओल्या फडक्याने पुसून उभी करून ठेवी. माझी निगा म्हणजे एवढीच.

तिचा नवरा बिरप्पा मेंढरे घेऊन माळावर फिरे. ती घरी असे. एकदा अक्कलकोटच्या रस्त्यावर, त्यांच्या झोपडीसमोरच, एक ट्रक बिघडून थांबला. ड्रायव्हर सिद्धराम भुकेने कासावीस झाला होता.

"अक्का, भाकर मिळंल का?"

"मिळंल की. बस लिंबाखाली. पर कांदा तुझा तूच फोड."

त्या भाकरीबरोबर शेंगांची चटणी होती आणि मेंढीच्या दुधाचे दही. सिद्धराम पोटभर जेवला आणि पुढच्या खेपेला आणखी दोघांना घेऊन आला. असा आमचा ढाबा सुरू झाला. त्याला ना पाटी होती ना नाव. माझ्यावर भाकरी थापल्याचा आवाज रस्त्यापर्यंत जाई आणि गाड्या आपोआप हळू होत. विजापूरकडचे लोक कानडीत बोलत, सोलापूरकडचे मराठीत. मायाक्का दोघांनाही "ऊटा माडरी, जेवा, जेवा" म्हणून वाढी. कोणी म्हणे, इतकी पातळ भाकरी आमच्या घरीसुद्धा होत नाही. कौतुक तिचे होई, पण मलाही बरे वाटे.

अशी कितीतरी वर्षे गेली. माझा मधला भाग तिच्या तळव्यांनी झिजून गुळगुळीत झाला. बिरप्पा वारला. मेंढरे विकली गेली. मग रस्ता रुंद झाला, लिंब तोडला, झोपडी मागे सरली. तिचा मुलगा अमरेश कष्टाळू होता. त्याने झोपडीच्या जागी काचेच्या दारांचे गारेगार हॉटेल बांधले. भाकरी करायला मशीन आणले. कारण चुलीच्या धुराने मायाक्काचे डोळे सारखे पाणावत. डॉक्टरांनी चुलीपुढे बसू नका असे बजावले होते.

"आव्वा, लई केलंस. आता बस की निवांत," असे म्हणून अमरेशने तिला गल्ल्याजवळ गादीची खुर्ची दिली.

आणि मला? सोलापूरहून सजावट करणारा माणूस आला होता. गावरान वस्तू भिंतीवर लावा, गिऱ्हाइकांना आवडतात, असे तो म्हणाला. मला चकचकीत वार्निश फासले, काठाला दोन भोके पाडली आणि कंदिलाशेजारी टांगले. माझ्याखाली उभे राहून लोक फोटो काढत आणि मग पनीर मागवत. एसीच्या थंड वाऱ्याने मी आतून सुकत गेले. एक दिवस माझ्या कडेला चीर पडली. ती कोणाला दिसली नाही.

मायाक्काही तशीच सुकत होती. मला भिंतीवरून सारे दिसे. मशीनची भाकरी वाईट नव्हती, गोल होती, पण मायाक्का ती अर्धीच खाई आणि ताट सरकवी. पुढे पुढे अर्धीही जाईना. तिच्या हातांतली चांदीची कडी कोपरापर्यंत घसरू लागली. अमरेश काळजीने औषधे आणी, ती निमूट घेई. एकदा सिद्धराम आला. तोही आता म्हातारा झाला होता.

"मायाक्का, भाकर?"

"मशीनची हाय."

"मग च्याच दे," तो म्हणाला. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

अमरेशची मुलगी काव्या जपानला गेली होती. तिथे ती एका वृद्धाश्रमात नर्स आहे. ती सुट्टीवर आली, तेव्हा आजीचे मनगट हातात धरून कोपराकडे गेलेली कडी खाली ओढत बसली. दुपारी गिऱ्हाईक नव्हते. आजीला बोलते करावे म्हणून ती तिकडच्या गोष्टी सांगू लागली. मैत्रिणीच्या गाडीतून ती डोंगरातून लांब फिरायला गेली होती. तिकडे रस्त्याकडेला थांबायच्या जागा असतात आणि प्रत्येक जागी त्याच भागातले खायला मिळते. एका ठिकाणी नदीतला मासा काडीला टोचून भाजलेला, पुढच्या ठिकाणी मागच्याच बागेतली फळे.

"आणि आज्जी, एका ठिकाणी काळपट पिठाच्या लांब शेवया हुत्या. पीठ कशात मळत हुते म्हाइताय? लाकडाच्या काटवटीत! आपल्यापेक्षा मोठी."

मी कान टवकारले. मायाक्काही सावरून बसली.

"कोण मळत हुती? म्हातारी?"

"न्हाय ग. तिचा ल्योक मळत हुता, गल्ल्यावरच्या आपल्या अप्पाएवढा. म्हातारी शेजारी बसून नुसती वरडत हुती. पाणी जास्त घातलंस म्हणं, बापानं हेच शिकवलं व्हय म्हणं!"

मायाक्का मोठ्याने हसली. त्या काचेच्या हॉटेलात तिचे हसणे मी पहिल्यांदाच ऐकले.

"शाणी हाय की म्हातारी."

गल्ल्यावरचा अमरेश म्हणाला, "आव्वा, धुरानं तुझं डोळं जातील म्हणून तर मी तुला उठवलं."

"मग धूर तू घे की. मी वरडते."

"मालक भाकरी थापतोय म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"

"बापासंगं मेंढरांमागं माळावर थापत हुतास, तवा मेंढरं काय म्हणत हुती?"

काव्या पोट धरून हसली.  दुसऱ्या दिवशी सकाळी अमरेशने मला खाली उतरवले आणि थेट पीठच ओतायला घेतले.

"आरं, थांब! वार्निश चारतोस व्हय लोकांस्नी?" मायाक्का खुर्चीतून ओरडली.

मग बापलेक काचेच्या तुकड्याने मला खरवडत बसले. फार दुखले. पण खालून माझे जुने अंग वर आले, तेव्हा मायाक्काने जवळ येऊन त्यावरून हात फिरवला. पुन्हा तेल, पुन्हा सावली.

बाहेर पडवीत गॅसची शेगडी आली आणि धूर जात नाही त्या बाजूला मायाक्काची खुर्ची. अमरेश मांडी घालून बसला. पहिली भाकरी उचलताना फाटली. दुसरी तव्यावर पडली, पण वाकडी. तिसरी फुगली. त्याने ती आईच्या ताटात ठेवली.

तिने तुकडा मोडला, चटणीला लावला, बराच वेळ चावला.

"कडा जाड हाय. मधी दमट हाय. आधण नीट उकळलं न्हवतं."

"बरं, आव्वा," अमरेश मान खाली घालून म्हणाला.

तिने ती सबंध भाकरी खाल्ली. मग ताट पुढे केले.

"दुसरी कुटं हाय?"

मित्रांनो, माझी चीर काही बुजलेली नाही. पीठ तिच्यात शिरते आणि मी लवकर दमते. फार वर्षे उरली आहेत असे मला वाटत नाही. पण तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला शोभेसाठी टांगू नका. तिला तेल पाजा, पुसा आणि कामाला घ्या. आणि घरात कोणी थकलेले माणूस असेल, तर त्याला जरूर विसावा द्या. फक्त त्याचे काम त्याच्यासमोर बसून करा, आणि चुकलात तर त्याला मनसोक्त ओरडू द्या.