मांडीचं माप

दुकानाची पाटी लावायला बापलेकांनी एकाच शिडीवर चढायचं नसतं, हे मला आता कळतं. मी आणि माझा पोरगा एकदमच खाली आलो. दोघांचाही डावा पाय मोडला, दोघांनाही सहा आठवडे प्लास्टर. ते निघालंही एकाच दिवशी, आणि आतून दोन काटक्या निघाल्या. फरक एवढाच, की पोरगा अठ्ठावीसचा आणि मी एकाहत्तरचा.

"बाबा, तुमच्या शिलाई मशीनला मोटार बसवून टाकू," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास वर्षं मी पायाने मशीन चालवतोय. कॉलरच्या टोकाला कुठे सावकाश जायचं ते माझ्या पायाला कळतं, मोटारीला काय डोंबल कळणार? शेवटी आमचं ठरलं. दोन महिन्यांत माझी डावी मांडी उजवीएवढी भरली तर पायमशीन, नाहीतर मोटार. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं. उजवी एकोणीस इंच, डावी सतरा.

तीन आठवड्यांत पोरगा जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत चढायला लागला. व्यायामाच्या नावाने बोंब, तरी मांडी टम्म. मी सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून ऊठबस करत होतो, नावडती अंडी गिळत होतो.

"काका, तरुणाचा स्नायू धावत परत येतो," बाई म्हणाल्या. "वय झालं की रमतगमत येतो."

"माझा आलासुद्धा," मी म्हणालो. दोन महिने झाले होते, बाई माप घ्यायला दुकानात आल्या होत्या. मी माझी टेप काढली, सगळ्यांसमोर डाव्या मांडीला गुंडाळली आणि वाचून दाखवलं, "एकोणीस."

आमची ही चष्मा लावून वाकली. "अहो, टेपच्या आत दोन बोटं कुणाची?"

"माझी. थोडं ढिलं नको ठेवायला?"

"पँट शिवताय का मांडी मोजताय?"

पन्नास वर्षांची सवय. बोटं आपोआप आत जातात, त्याला मी काय करू? बाईंनी टेप घट्ट धरली. पावणेअठरा. पोरगा पोट धरून हसला, बाईही हसल्या.

मी तणतणत मशीनवर बसलो. एक बाही जोडली. दुसरी अर्ध्यावर आली आणि पाय लटलट कापायला लागला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. पोरगा हसायचा थांबला. त्याने मोटारीचा खोका आणला, पण उघडला नाही.

"उरलेला सव्वा इंच कधी येणार?" मी बाईंना विचारलं.

"सहा महिने तरी. व्यायाम सोडलात तर येणारच नाही."

मी मशीनवरून उठलो, भिंतीला पाठ लावली आणि ऊठबस सुरू केली.

"बसव," मी पोराला म्हणालो. "पण काढता येईल अशी बसव. आणि पायमशीनचा चामडी पट्टा कुठे फेकलास तर याद राख."