काशम्माकाकूंच्या हॉलमधला सोफा

मी सोफा बोलतोय. अहो, थांबा, बसू नका, पडाल! मी दिसतो, पण नसतो. तिघं ऐसपैस बसतील असा, बाटलीहिरव्या मखमलीचा, सागवानी पायांचा. आणि माझ्यात लाकडाचा तुकडा नाही, कापूस नाही, एक खिळासुद्धा नाही. माझा जन्म कॉम्प्युटरमध्ये झाला.

सोलापूरच्या भवानी पेठेत, एका घराच्या वरच्या मजल्यावर ऋतुजा राहते. बिल्डर लोक तिला रिकाम्या फ्लॅटचे फोटो पाठवतात आणि ती त्यांत पलंग, टेबलं, कुंड्या अशा बेमालूम बसवून देते, की बघणाऱ्याला वाटावं, लोक आत्ताच चहा पिऊन उठले. मला घडवायला तिला चार दिवस लागले. एक दिवस माझ्यावर गेला, तीन दिवस माझ्या सावलीवर. त्यामुळे मला सावलीचा भारी गर्व होता. सुरुवातीला मी एकाच वेळी सहा फ्लॅटमध्ये राहिलो. सहाही ठिकाणी कुणी टेकलं नाही.

मग काशम्माकाकू आल्या. त्या खालच्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्या हॉलमध्ये कडक भाकरीचं काम चालतं. चार बायका मांडी घालून भाकरी थापतात, भाजतात आणि शहाबादी फरशीवर धोतराचं स्वच्छ पान अंथरून वाळवतात. हॉल पोटभर भाकरीनं भरलेला असतो. पाहुणा आला तर त्याला दारातूनच पाणी.

काकूंचा मुलगा शिवराज बेंगळुरूला कंपनीत आहे. त्यानं फोनवर फर्मान काढलं होतं, "अव्वा, तुझे गुडघे गेलेत. जमिनीवर बसणं बंद कर, हे भाकरीचं खूळ बंद कर, हॉलमध्ये सोफा घे. दिवाळीपर्यंत घेतला नाहीस तर मीच पाठवतो. थेट दारात येऊन पडेल."

काकू पिठाच्या हातांनीच जिना चढून ऋतुजाकडे आल्या.

"पोरी, एवढासा हॉल. सोफा आला की माझ्या बायका कुटं बसायच्या? भाकरी काय डोक्यावर वाळवू? काम बंद पडलं तर मी दिवसभर भिंतीकडं बघत बसू व्हय? तू त्या बिल्डरला घालतीस तसला एक मला घाल की. फोटोत."

ऋतुजा आधी हसली आणि मग तयार झाली. भाकरी, बायका, परात, सगळं क्षणभर आत सरकवून तिनं रिकाम्या हॉलचा फोटो काढला आणि काकूंना समजावलं, "काकू, खिडकी डावीकडं आहे, म्हणजे सावली उजवीकडं पडणार. पाय टेकतो तिथं गडद, लांब जाईल तशी फिकी. सावली नसली की वस्तू हवेत तरंगते आणि चोरी पकडली जाते."

काकूंनी फरशीवर तांब्या ठेवून बघितला. मग उलथनं उभं धरून बघितलं. मग स्वतःचा हात. "अगं बया, व्हय की! साठ वर्सं झाली, हिच्याकडं कदी बघितलंच न्हाय." त्यानंतर दोन दिवस त्या दिसेल त्या वस्तूची सावली तपासत हिंडत होत्या.

मी हॉलमध्ये असा काही बसलो म्हणता! फरशीत माझ्या पायांचं पुसट प्रतिबिंबसुद्धा होतं. फोटो बेंगळुरूला गेला. पाच मिनिटांत शिवराजचा फोन.

"अव्वा, हा सोफा खरा आहे ना?"

"असं का इचारतूस?"

"नवा सोफा आणि उघडा? तू ठेवशील? टीव्हीच्या रिमोटची पिशवी तू अजून काढली नाहीस!"

घ्या! तीन दिवस खपून केलेली सावली, तिच्याकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. काकूंनी "आत्ताच टेम्पोतनं उतरलाय, चादर घालतीच हाय" अशी थाप ठोकून फोन ठेवला आणि पुन्हा जिना चढल्या. ऋतुजानं काकूंच्या ट्रंकेतल्या मोरांच्या चादरीचा फोटो काढून ती माझ्यावर पांघरली, अगदी चुण्यांसकट. माझी मखमल गेली आत. मी मळेन म्हणून ही काळजी! मी? मला मळताच येत नाही, हे कुणी काकूंना सांगितलं नाही. शिवराजचं उत्तर आलं, "आता पटलं. आता त्यावर बसलेला फोटो पाठव."

मग काकू पिठाच्या डब्यावर बसल्या, पाठ ताठ, चेहरा तहसील कचेरीत बसल्यासारखा. ऋतुजानं डबा पुसून त्यांच्याखाली मला सरकवलं आणि त्यांच्या वजनानं गादी थोडी दबलेली दाखवली. मला काहीच जाणवलं नाही. तरी खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला बरं वाटलं.

मी आता काकूंच्या मोबाईलमध्ये मुक्कामाला होतो. माझ्या शेजारचाच फोटो शिवराजच्या बेंगळुरूच्या घरातल्या देव्हाऱ्याचा. नव्या घरात देव्हारा पाहिजेच, म्हणून काकूंनी वर्षापूर्वी हट्ट धरला होता आणि त्यानं हा फोटो पाठवला होता. पितळी समई, सिद्धरामेश्वर, बेलाची पानं. काकू रोज सकाळी पीठ मळता मळता पिठाचं बोट पडद्यावर फिरवून देव्हाऱ्याला नमस्कार करायच्या आणि मग मला बघून हसायच्या. अलीकडे त्या देव्हाऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबत होत्या.

दिवाळी पार पडली. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरली आणि शिवराज न कळवता दारात उभा राहिला. हॉलभर भाकरी, चार बायका, मध्ये मांडी घातलेली अव्वा. गंमत म्हणजे तो भाकरी चुकवत आत आला, तेव्हा माझ्या जागेला वळसा घालून आला. तीन महिने फोटोत बघितल्यामुळे पायांना सवय झाली असणार. मग तो थबकला.

"सोफा कुठंय?"

काकूंनी "धुवायला दिलाय" म्हणून बघितलं, पण भाकरी थापणाऱ्या चौघींतल्या बजाबाई नेमक्या फिसकन हसल्या आणि सगळं बाहेर आलं. शिवराज लालबुंद झाला. त्यानं काकूंचा मोबाईल उचलून माझा फोटो त्यांच्यापुढे धरला. "फसवलंस मला? पोटच्या पोराला? उद्याच्या उद्या खरा सोफा मागवतो. हे सगळं उचला इथून!"

चार बायकांचे हात परातीवरच थांबले. हॉल गेला, काम गेलं, असंच मला वाटलं. मला माझ्या अस्तित्वाची लाज वाटली, आणि अस्तित्व नसताना लाज वाटणं फार अवघड असतं.

काकूंनी शांतपणे मोबाईल घेतला आणि पिठाच्या बोटानं मला बाजूला सरकवलं.

"शिवू, ह्यो तुजा देव्हारा. समई पेटलीय न्हवं? मग देवाची सावली कुटं हाय? आन खालच्या पाटाची? माजा देव तू वर्सभर हवेत टांगलायस की रं."

शिवराजचं शहरी मराठी गळून पडलं. "अव्वा... भाड्याचं घर हाय. मालक खिळा मारू देत न्हाय. मोबाईलवर जमतंय म्हणून फोटोतच देव्हारा घातला." आणि मग, "तुला कदी कळलं?"

"सोफा घातला त्याच दिवशी. पोरीनं सावली शिकवली, ती वर गेल्यागेल्या पहिल्यांदा तुजाच फोटू बघितला."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? माज्या हॉलमदी सोफा हुबा हुता की."

बजाबाई आधी हसल्या, मग सगळ्याच. शिवराज हसता हसता मटकन खाली बसला, बरोबर माझ्या जागेवर, आणि काकूंनी त्याच्या हातात शेंगाची चटणी घालून भाकरी ठेवली. खाताना त्यानं मान खाली घालून म्हटलं, "तू एकटी पडून राहशील, दुखणं काढशील, याची भीती वाटती अव्वा." काकू म्हणाल्या, "एकटी कुटं? मोज की." त्यानं खरंच मोजलं.

सोफा आला नाही. आला तो सुतार. त्यानं भाकरी थापायला उंच फळी केली आणि आता काकू खुर्चीत बसून थापतात. जत्रेतून एक छोटा देव्हारा बेंगळुरूला गेला, टेबलावर ठेवायचा, बिनखिळ्याचा. जाण्याआधी शिवराजनं ऋतुजालाही खाली बोलावून सगळ्यांचा फोटो काढला आणि तिला दाखवून म्हणाला, "यात काही घालायचं नाही." खिडकीतल्या उजेडानं फरशीवर सहा जणींच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या होत्या. माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. मानलं.

हल्ली मी ऋतुजाच्या कॉम्प्युटरमध्ये पडून असतो. तुमच्यापैकी कुणी मला आपल्या हॉलमध्ये बोलावलंत तर येईन, सावली घेऊन येईन. फक्त एक विनंती, ती मोरांची चादर काढा. मला एकदा मळायचंय हो!

तसा मी अगदीच कोरा नाही. काकूंनी माझा फोटो पुसलेला नाही आणि मोबाईलही कधी पुसत नाहीत. त्या फोटो उघडतात तेव्हा माझ्या उजव्या हातावर त्यांच्या बोटाचा ठसा दिसतो, मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पिठाचा. तेवढा एक डाग माझा खरा आहे.